'नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय: गाड्यांवरच्या एका मराठी लेखात 'नैसर्गिक आकांक्षी इंजिन' असं वाचलं. इंजिनाला कसली आलीय आकांक्षा?

आकांक्षा इंजिनाची नाही, घाईत भाषांतर करणाऱ्याची असावी. 'अ‍ॅस्पिरेटेड' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला श्वास आहे; आकांक्षा हा त्याला पुढे फुटलेला अर्थ. इथे श्वासच अभिप्रेत आहे. पिस्टन खाली जातो, सिलिंडरमधला दाब उतरतो आणि बाहेरची हवा आपसूक आत शिरते, हेच 'नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड'. टर्बो इंजिनात मात्र सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूवर एक चक्र फिरतं आणि त्याच्या जोरावर दुसरं चक्र हवा आत कोंबतं.

व्याकरणवाल्यांना इथे गंमत दिसेल. ध्वनिशास्त्रात 'अ‍ॅस्पिरेटेड' म्हणजे महाप्राण: ख, घ, थ, ध. त्या हिशेबानं जादा हवेचं टर्बो इंजिन महाप्राण आणि दुसरं अल्पप्राण ठरेल. पण फेरारी ४५८ इटालियाचं मिनिटाला ९००० फेऱ्यांवर ५७० अश्वशक्ती देणारं बिनटर्बोचं इंजिन अल्पप्राण म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मुळात 'नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड' हे विशेषण लागलंच का, तर हवा कोंबणारी यंत्रं आली म्हणून. ब्रॉयलर आल्यावर आपली कोंबडी 'गावठी' झाली, तसंच. जर्मन लोक याला शोषून घेणारं इंजिन म्हणतात, फ्रेंच 'वातावरणी'. 'शोषक इंजिन' मात्र मराठीत नको, लगेच मोर्चा निघेल.

'टर्बो'ची गोष्ट मला जास्त आवडते. लॅटिनमध्ये 'टर्बो' म्हणजे खेळायचा भोवरा आणि गरगरणारी वावटळही. आपला 'भोवरा'ही असाच दुहेरी: जाळी गुंडाळून फिरवायचा आणि नदीत माणूस ओढणारा. इतका नेमका जोड शब्द असूनही 'भोवरा इंजिन' कुणी म्हणणार नाही, कारण 'टर्बो' गॅरेजात केव्हाच रुळलाय. आणि आता तर तो चक्रापासूनही सुटलाय. पोर्शची टायकॅन टर्बो विजेवर चालते. तिच्यात टर्बो सोडाच, इंजिनच नाही!

लेखात लिहायचंच तर मी 'स्वश्वासी इंजिन' असं एकदा लिहून कंसात खुलासा करीन आणि पुढे सरळ 'बिनटर्बोचं' म्हणेन. मेकॅनिकसमोर 'नॉन-टर्बो'. तिथे 'स्वश्वासी' म्हटलंत तर तो आधी तुमचीच नाडी बघेल.