वाचकांचे प्रश्न: जुनी गाडी, डीलर आणि ग्राहक आयोग

प्रश्न : केळीची वाहतूक स्वतः करावी म्हणून जळगावच्या एका डीलरकडून 4 लाख 60 हजारांना जुना पिकअप घेतला. मीटरवर 58 हजार किलोमीटर होते. दोन महिन्यांत इंजिन बसले. सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत दोन वर्षांपूर्वीच 1 लाख 31 हजार किलोमीटर निघाले. डीलर म्हणतो, गाडी धंद्याची, म्हणून तुम्ही ग्राहक नाही. शिवाय पावतीवर ‘आहे त्या स्थितीत’ लिहिले आहे. – एक वाचक, रावेर

उत्तर : डीलर अर्धाच कायदा सांगतोय. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वगळतो हे खरे. पण पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू तो वगळत नाही. गाडी एकच आहे आणि तुम्हीच चालवता, हे तक्रारीच्या पहिल्या परिच्छेदात लिहा. नाहीतर समोरचा वकील पहिला हल्ला तिथेच चढवेल.

‘आहे त्या स्थितीत’ म्हणजे वापराने झालेली झीज तुम्ही पत्करलीत, इतकेच. मीटर मागे फिरवणे त्यात बसत नाही; ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

इंजिन मात्र आत्ताच खोलू नका! मेकॅनिकने पिस्टन-लायनर बदलून टाकले की पुरावा भंगारात गेला. आधी अधिकृत वर्कशॉपकडून तपासणी अहवाल आणि खर्चाचा अंदाज सही-शिक्क्यानिशी घ्या. चेसिस नंबरवर निघालेल्या सर्व्हिस नोंदी, मीटरचा फोटो, डीलरची जाहिरात, व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे आणि पैसे दिल्याचा बँक उतारा जोडा. काही रक्कम रोख देऊन पावतीच घेतली नसेल, तर तेवढी सिद्ध करणे जड जाईल.

मग डीलरला 15 दिवसांची नोटीस पोचपावतीसह पाठवा. उत्तर आले नाही तर जळगाव जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची. तपासणी लागणारे प्रकरण शक्यतो पाच महिन्यांत निकाली काढावे, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चला. तक्रारीआधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून पाहा, काही डीलर तेवढ्यानेच तडजोडीला येतात.

प्रश्न : मोटारसायकल डीलरला विकली, कोऱ्या फॉर्मवर सह्या दिल्या. आता दंडाची चलने मलाच येतात. – एक वाचक, शहादा

उत्तर : आरसीवर नाव आहे तोवर कायद्याच्या लेखी मालक तुम्हीच. उद्या अपघात झाला आणि विमा संपलेला असला, तर भरपाईचा दावाही तुमच्यावर येईल. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हेच म्हटले आहे. गाडी विकल्याची फॉर्म 29 ची सूचना विकणाऱ्याने आरटीओला 14 दिवसांत द्यायची असते. ती राहिली असेल तर विक्रीच्या पुराव्यासह नंदुरबार आरटीओत आजच अर्ज द्या आणि आवक शिक्क्याची प्रत जपून ठेवा. पुढच्या वेळी गाडी अधिकृत परवाना असलेल्या डीलरलाच द्या आणि परिवहन पोर्टलवर गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याचा फॉर्म 29-सी भरून घ्या. 1 एप्रिल 2023 पासूनच्या नियमांनुसार त्यानंतर गाडीची जबाबदारी डीलरकडे जाते.