स्लॅब भरण्याआधी मॉडेल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पार्किंग अधिक सात मजल्यांचं काम घेतलं आहे. आर्किटेक्ट, आरसीसी आणि प्लंबिंगची ड्रॉइंग तीन ऑफिसांतून ऑटोकॅडमध्ये येतात. बीआयएम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजे इमारतीचं माहितीसह संगणकी मॉडेल) करून घ्यायचं तर सुरुवात कुठून करू? थ्रीडी व्ह्यू आहेतच.
– बांधकाम ठेकेदार, नाशिक

उत्तर: ते व्ह्यू ब्रोशरसाठी ठेवा. त्यातली भिंत नुसती दिसायला असते. बीआयएममधल्या भिंतीला जाडी, माल आणि लेव्हल असते, म्हणून तिचं माप निघतं आणि ती कशाला आडवी येते तेही कळतं. नागपूर मेट्रोने मॉडेलला वेळापत्रक आणि खर्चही जोडला होता. तुम्हाला सध्या त्याची गरज नाही.

मॉडेलला फक्त पार्किंगचं छत आणि एक टिपिकल मजला घ्या. पार्किंगच्या फरशीपासून स्लॅबच्या माथ्यापर्यंत 3 मीटर, बीम स्लॅबसह 600 मिमी. बीमखाली उरले 2400. त्याखालून 110 मिमीचा ड्रेनेज पाइप 4 मीटर न्यायचा, ढाळ 1:40, म्हणजे टोकाला 100 मिमी उतार. क्लॅम्पला 40 धरले की 250 गेले, पाइपखाली राहिले 2150 मिमी. प्लॅनवर हे सगळं म्हणजे एक रेघ! मग साईटवर प्लंबर एकतर ढाळ कमी करतो आणि पाइप तुंबत राहतो, नाहीतर बीमला कोअर कटिंग लावतो, म्हणजे यंत्राने गोल भोक पाडतो, आणि सळई कापली जाते.

तिन्ही ऑफिसांकडून आधी एकच शून्यबिंदू लिहून घ्या, उदाहरणार्थ ग्रिड ए-1 चा छेद आणि प्लिंथ लेव्हल. हे राहिलं तर तिन्ही मॉडेल जोडताना प्लंबिंग शेजारच्या प्लॉटवर जाऊन बसतं. फायली आयएफसी या सामाईक फॉरमॅटमध्ये मागवा, म्हणजे कोणाचं सॉफ्टवेअर कोणतं याने अडत नाही. क्लॅश तपासणीची (काय कशाला आडवं येतं याची) पहिली यादी पाहून घाबरू नका. भिंतीत झिरी मारून जाणारे पाइपही त्यात येतात. बीम विरुद्ध ड्रेनेज एवढंच आधी पाहा. ढाळाची लाइन जागची हलवू नये, केबल ट्रे आणि फायर लाइन वळवावी. सेंटरिंग (काँक्रीटचा साचा) सुरू होण्याआधी स्लीव्हचं, म्हणजे पाइप जायला काँक्रीटमध्ये आधीच ठेवायच्या नळीचं, ड्रॉइंग साईटवर हवं. आणि वर्क ऑर्डरमध्येच लिहा: ड्रॉइंग बदललं की मॉडेलही बदलायचं. साईटवर आर-3 (तिसरी सुधारणा) आणि मॉडेल आर-1 वरच, अशाने केलेला खर्च पाण्यात जातो.

प्रश्न: मॉडेलमधलं गिलाव्याचं माप ठेकेदाराच्या बिलापेक्षा कमी येतं. चूक कोणाची?
– बिलिंग इंजिनिअर, पुणे

उत्तर: बहुधा कोणाचीच नाही. 1.2 × 1.5 मीटरची खिडकी 1.8 चौ.मी. होते. मॉडेल ती दोन्ही बाजूंनी वजा करतं, एकूण 3.6. बांधकाम मोजमापाचं भारतीय मानक आयएस 1200, त्यानुसार दोन्हीकडे एकच गिलावा असेल तर 0.5 ते 3 चौ.मी.च्या उघाडाची वजावट एकाच बाजूची, आणि खिडकीच्या आतल्या कडांचं माप वेगळं धरत नाहीत. अशा 40 खिडक्यांत 72 चौ.मी.चा फरक पडतो. बिल करारातल्या पद्धतीनेच करा, मॉडेलचा आकडा माल मागवायला वापरा.

काँक्रीटमध्ये उलटं होतं. मॉडेलमध्ये 300 × 600 मिमीच्या कॉलममधून लांब बाजूने 230 × 600 चा बीम आरपार काढला आणि दोन्ही जॉइन केले नाहीत, तर त्या एका सांध्यात सुमारे 0.083 घनमीटर दोनदा मोजलं जातं.

प्रश्न: साईट इंजिनिअरला रेव्हिट (बीआयएम मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) शिकवावं का?

उत्तर: नको. फुकटच्या आयएफसी व्ह्यूअरमध्ये सेक्शन कापता आणि माप घेता आलं की पुरे. मिस्त्रीच्या हातात मात्र ए-3 कागदच द्या: ग्रिडपासून स्लीव्हचं अंतर, व्यास आणि तळाची लेव्हल.