स्नॉर्केल लावल्यावर गाडी किती पाण्यातून नेता येते? आणि तो स्वतः बसवता येतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. जुन्या टर्बो-डिझेल फोर-बाय-फोरला ओव्हरलँडिंगसाठी, म्हणजे कच्च्या वाटांवरच्या लांब प्रवासांसाठी, स्नॉर्केल (इंजिनाला हवा छपराच्या उंचीवरून देणारी नळी) लावला तर ती किती खोल पाण्यातून जाईल, आणि मडगार्डला भोक पाडण्यापासूनचं सगळं काम घरच्या घरी होईल का. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: होईल. हाताला ड्रिलची सवय असावी आणि घाई नसावी. पहिल्या उत्तराने मात्र थोडा विरस होईल. नुसता स्नॉर्केल लावून गाडीची पाण्यातली मर्यादा वाढत नाही.

ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या टोयोटा लँड क्रूझर ७० ला हवेची नळी कंपनीतूनच छपरापर्यंत नेलेली असते, आणि कंपनीने तिला दिलेली मर्यादा आहे ७०० मिमी. नव्या लँड रोव्हर डिफेंडरला अशी नळी नसते, तरी एअर सस्पेन्शन असेल तर तिची मर्यादा ९०० मिमी. म्हणजे हा आकडा फक्त हवेच्या तोंडाच्या उंचीवर ठरत नाही. अल्टरनेटर कुठे आहे, इंजिनाचा कंप्युटर आणि त्याचे कनेक्टर किती उंचीवर आहेत, गिअरबॉक्स आणि दोन्ही डिफरन्शियल (चाकांच्या आसांवरचे गिअरचे डबे) यांचे ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जाऊ देणारी छोटी तोंडं, कुठे उघडतात, हे सगळं त्यात येतं. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तोच धरून चाला.

मग स्नॉर्केल करतो काय? मर्यादेच्या आत असतानाही होऊ शकणारा एक घात टाळतो. अचानक खड्डा लागला, नाक खाली गेलं, लाट बॉनेटवर आली, की मूळ जागी असलेलं हवेचं तोंड क्षणभर बुडतं. इंजिनाला तेवढा क्षण पुरतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. समजा इंजिन चार सिलिंडरचं, २.८ लिटरचं आहे. एका सिलिंडरचं माप ७०० मिली. कॉम्प्रेशन १७:१ असेल, म्हणजे आतली हवा सतराव्या भागाइतकी दाबली जात असेल, तर पिस्टन पार वर गेल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा जेमतेम ४४ मिली. याहून जास्त पाणी आत असेल तर पिस्टनला वर जायला जागाच राहत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो. डिझेलला ठिणगी लागत नसल्यामुळे ते भिजूनही चालत राहतं. लोक याला डिझेलचा गुण म्हणतात, पण इथे तोच नडतो, कारण पाणी ओढेपर्यंत इंजिन थांबत नाही.

खोल पाण्याबद्दल आणखी एक हिशेब, कारण नळी छपरापर्यंत गेली की माणसाची भीड चेपते. गाडीच्या तळाचं क्षेत्रफळ अंदाजे साडेचार चौरस मीटर धरा. दारं घट्ट असतील तर तळाच्या वर चढलेलं दर १० सेंमी पाणी गाडीला सुमारे ४५० किलोने वर उचलतं. ३० सेंमी चढलं की साडेतेराशे किलो. सव्वादोन टनांच्या गाडीचं चाकांवर काय उरलं ते बघा, आणि त्यात वाहत्या पाण्याचा बाजूने रेटा. तिथे स्नॉर्केल काही करू शकत नाही.

माझं मत विचाराल तर ओव्हरलँडिंगमध्ये स्नॉर्केलची किंमत वसूल होते ती धुळीत. पाण्यातून गाडी कधीतरी जाते, कच्च्या रस्त्यावर दिवसचे दिवस धावते. बहुतेक गाड्या हवा ओढतात ती हेडलाइटच्या मागून किंवा मडगार्डच्या पोकळीतून, म्हणजे पुढच्या चाकाने उडवलेल्या धुळीच्या शेजारून. पुढे दुसरी गाडी असेल तर विचारूच नका. छपराच्या उंचीवरही धूळ असते, पण बरीच विरळ आणि बारीक. फिल्टर झटकायची वेळ किती लांबते हे पहिल्याच मोठ्या प्रवासात कळतं.

जाहिरातीत सांगतात ती ताकद आणि मायलेज मात्र विसरा. ताशी १०० किमी वेगाला समोरच्या वाऱ्याचा दाब सुमारे ४६० पास्कल भरतो. वातावरणाचा दाब एक लाखाच्या वर. म्हणजे अर्धा टक्काही नाही.

आता बसवण्याकडे वळू. बाहेर दिसते ती नळी म्हणजे स्नॉर्केलचा सोपा भाग. खरा स्नॉर्केल मडगार्डच्या आत असतो: नळी ते फिल्टरचा डबा, डब्याचं झाकण, डबा ते टर्बो, आणि यातला प्रत्येक सांधा. स्ट्रॉला मध्येच चीर असेल तर टोक कितीही वर धरा, उपयोग नाही, तसंच हे. स्वस्तातल्या काही संचांमध्ये नळी डब्याच्या तोंडाजवळ नुसती टेकवलेली असते, रबर नाही की क्लॅम्प नाही. ती शोभेची वस्तू आहे. घेताना तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला, उन्हात न तडकणाऱ्या जाड पॉलिथिलीनचा, आणि आतला व्यास मूळ नळीपेक्षा कमी नसलेला बघून घ्या.

काम सुरू करताना बॅटरीची वायर काढा, चाकावरचं प्लॅस्टिकचं अस्तर काढा, आणि फिल्टरच्या डब्याचं तोंड फडक्याने नव्हे तर टेपने बंद करा. पत्र्याचा कीस तिथे गेला तर पुढचा प्रवास टर्बोपर्यंत. मडगार्डवर मास्किंग टेपचा मोठा चौकोन चिकटवा आणि संचातला कागदी साचा त्यावर लावा. साच्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. स्नॉर्केल स्वतः तिथे धरून बघा, दुसऱ्या माणसाकडून ए-पिलरला (पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाला) लावून बघा, दार पूर्ण उघडून बघा, बॉनेट उघड-बंद करून बघा. मग आतून हात घालून बघा की भोकाच्या मागे वायरींचा जुडगा किंवा आतला दुसरा पत्रा तर नाही. पुष्कळ गाड्यांत दोन पत्रे असतात आणि दोन्हींतली भोकं एका रेषेत यावी लागतात.

आधी ३ मिमीचं भोक, मग स्टेप ड्रिल (पायरीपायरीने भोक मोठं करणारं बिट), मोठ्या भोकाला होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत). होल सॉ सरळ धरा, जोर लावू नका, पत्रा पातळ असतो आणि कडेला दात अडकला की मनगटाला झटका बसतो. भोक पडल्यावर कड कानशीने गुळगुळीत करा. आणि हे कोणी करत नाही म्हणून मुद्दाम लिहितो: उघड्या कडेला गंजरोधक प्रायमर आणि त्यावर रंग, दोन्ही वाळू द्या, त्यानंतरच पुढचं काम. खाली सांडलेला लोखंडाचा कीस चुंबकाने वेचा. तो तसाच राहिला तर पहिल्या पावसानंतर मडगार्डवर तपकिरी ठिपके उमटतात.

ए-पिलरला भोक पाडताना ड्रिलच्या बिटवर टेप गुंडाळून खोलीची खूण करा. पिलरच्या आत पडदा एअरबॅगची वायर, सनरूफ असल्यास त्याची पाण्याची नळी, असं काहीही असू शकतं. तुमची गाडी जुनी आहे म्हणून एअरबॅग नसेलही, तरी आतलं ट्रिम काढून खात्री करून घ्या. स्नॉर्केलच्या अंगातले स्टड प्लॅस्टिकमध्ये बसवलेले असतात. त्यांना थ्रेड लॉक (आटे ढिले होऊ न देणारा द्रव) लावा आणि नट हाताने घट्ट करून थोडासाच पुढे पिळा. जोर केला तर स्टड जागीच फिरायला लागतो.

फिल्टरच्या डब्याच्या तळाशी पाणी निघून जायला एक भोक असतं, कधी त्यावर चोचीसारखी रबरी झडप. झडप मऊ आणि धड असेल तर राहू द्या. इंजिन हवा ओढतं तेव्हा ती मिटते. नुसतं उघडं भोक असेल तर तशीच झडप लावा किंवा बूच बसवा. बूच बसवलं तर मुसळधार पावसातून आल्यावर डबा उघडून बघायची सवय लागली पाहिजे.

सगळं जोडून झालं की परीक्षा. स्नॉर्केलच्या टोकावरचं, हवा आत घेणारं डोकं काढा, कारण त्याला पावसाचं पाणी सांडायला फटी असतात. इंजिन सुरू करून आयडलवर ठेवा आणि नळीच्या तोंडावर जाड रबराचा सपाट तुकडा दाबून धरा. इंजिन काही सेकंदांत घुसमटून बंद पडलं पाहिजे. रमत-गमत चालत राहिलं तर ते कुठून तरी हवा चोरतंय. कान लावला की सूं आवाज ऐकू येतो, बहुतेक वेळा डब्याच्या झाकणाच्या रबराजवळ. या वेळी अॅक्सिलरेटर अजिबात देऊ नका, जुना होज आत चेपतो. अशी परीक्षा दर मोठ्या प्रवासाआधी पुन्हा घ्यावी, कारण क्लॅम्प कंपनांनी ढिले होतात.

ब्रीदरचं काम मात्र स्नॉर्केलच्याही आधी करा, स्वस्तही आहे. तापलेलं डिफरन्शियल थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर खाली असेल तर तिथून, किंवा सीलमधून, पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ झालं की समजा आत पाणी आहे. ब्रीदरची नळी बॉनेटखाली उंचावर नेली की हा प्रश्न बराचसा मिटतो.

डोकं कोणतं घ्यायचं, हेही ओघाने येईलच. समोर तोंड असलेलं साधं डोकं सर्वसाधारण वापराला उत्तम. त्याच्या फटी सीलंटने बुजवू नका. धुळीत गाड्यांच्या रांगेत सतत मागे राहायचं असेल तर हवेला गिरकी देऊन धूळ भांड्यात वेगळी काढणारं प्री-क्लीनर डोकं घ्या, पण ते भांडं रिकामं करावं लागतं. हिमवर्षावात साधं डोकं मागे फिरवून ठेवता येतं.

आणि एवढं करूनही पाण्यात इंजिन बंद पडलं, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. गाडी ओढून बाहेर काढा, फिल्टर उघडा. कागद कोरडा असेल तर नशीब. ओला असेल तर ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग) किंवा इंजेक्टर काढून आधी पान्याने इंजिन हाताने फिरवा, मग स्टार्टरने, भोकांतून पाणी उडायचं थांबेपर्यंत. डिपस्टिक बघा, तेल दुधाळ दिसलं तर ते बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.