ड्यूटी सोडून डिप्लोमा करावा का?

प्रश्न: वय ३१, बारावी कला. सात वर्षं ब्युरोमार्फत घरोघरी पेशंट सांभाळते. बारा तासांच्या ड्यूटीचे महिन्याला १८,००० हातात येतात. गेल्या वर्षी दोन पेशंट वारले, तेव्हा मिळून सहा आठवडे घरी बसले. पती रिक्षा चालवतात, मुलगी तिसरीत, पुण्यात दत्तवाडीत भाड्याने राहतो. एका खासगी इन्स्टिट्यूटचा ‘हेल्थ अँड सोशल केअर’ डिप्लोमा आहे: दीड वर्ष, रोज कॉलेज, फी १,४०,०००. नंतर इंग्लंडला पाठवतो म्हणतात. भिशीचे ५०,००० आहेत, बाकीच्यासाठी गंठण गहाण ठेवीन. दुसरीकडे एक हॉस्पिटल वॉर्ड असिस्टंट म्हणून १७,००० पगारावर घेतंय. काम करता करता जनरल ड्यूटी असिस्टंटचं सर्टिफिकेटही तेच करून देणार. पण हातात कमी येईल. काय करू?

उत्तर: ताई, गंठण कपाटातच राहू द्या.

तुम्ही १८,००० आणि १७,००० समोरासमोर ठेवलेत, तिथेच गफलत झाली. बिनकामाचे सहा आठवडे म्हणजे साधारण २७,००० बुडाले. वर्षाचे उरले १,८९,०००, म्हणजे महिन्याला १५,७५०. हॉस्पिटलच्या १७,००० मधून पीएफचे १,८०० आणि ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा) सुमारे १३० कापले जातील. तुमच्या पगारावर महिलांना व्यवसाय कर नाही. हातात येतील १५,०७०. फरक महिन्याला सातशेचाही नाही. त्याबदल्यात तुमचे १,८०० आणि मालकाचे तेवढेच, असे दरमहा ३,६०० तुमच्या नावावर पीएफ आणि पेन्शनमध्ये जातात. शिवाय घरच्यांनाही ईएसआयचे उपचार मिळतात, बिबवेवाडीचं हॉस्पिटल तुम्हाला जवळच आहे. पेशंट उचलून उचलून तुमच्या कामात कंबर जातेच. आज ती दुखली तर खाडा पडतो, तिथे ठरावीक हप्ते भरले गेले की आजारपणाचा भत्ता मिळतो.

आता डिप्लोमा. त्याची किंमत १,४०,००० नाही. दीड वर्षाची बुडालेली कमाई २,८३,५००, ती धरून सव्वाचार लाखांच्या घरात जाते, सोन्यावरचं व्याज वेगळंच. पुढे पगार चार हजारांनी वाढला असं धरलं, तरी भरपाई व्हायला जवळपास नऊ वर्षं लागतील.

आणि इंग्लंडचं म्हणाल, तर तिथे परदेशातून नव्याने केअर वर्कर घेण्याचा व्हिसा २२ जुलै २०२५ पासून बंद झालाय. हे न सांगता कुणी तुमच्याकडून फी घेत असेल, तर मला त्याचा राग येतो. तिकडे नव्या केअर वर्करला ‘केअर सर्टिफिकेट’चं शिक्षण नोकरीला लागल्यावर, कामावरच देतात. म्हणजे हॉस्पिटल तुम्हाला जे देऊ करतंय, तीच तिथलीही रीत.

माझे वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा एक ताई यायच्या. वडिलांना एका कुशीवर वळवायच्या, जुनी चादर गुंडाळत पाठीपर्यंत न्यायच्या, तिच्यामागे नवी लावायच्या, मग दुसऱ्या कुशीवर. त्यांना कधी ओढलं नाही, पाठीला एक जखम झाली नाही. त्यांच्याकडे कागद मात्र एकही नव्हता. तुमच्या हातातही हे सगळं आहे. सर्टिफिकेटच्या प्रात्यक्षिकात असलंच काम बघतात. जे येतंच, ते शिकायला ड्यूटी कशाला सोडायची?

नर्स व्हायचं मनात असेल तर रस्ता एएनएमचा (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ). दोन वर्षांचा कोर्स, कला शाखेची बारावी चालते, वयाची अट ३५, आणि शेवटी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. ती नोंदणी नसलेला कुठलाही डिप्लोमा तुम्हाला नर्स करत नाही. तुमच्याकडे अजून वेळ आहे. भिशीचे ५०,००० एफडीत ठेवा. अडीनडीला तेच हाताशी राहतील, म्हणून एएनएमचं ठरेपर्यंत ते एरवी मोडू नका.

हॉस्पिटलच्या पत्रावर सही करण्याआधी एक गोष्ट नीट वाचा. नेमणूक ‘कर्मचारी’ म्हणून आहे की ‘अप्रेंटिस’ म्हणून? अप्रेंटिस कायद्याखाली घेतलं तर विद्यावेतन मिळतं, पीएफ आणि ईएसआय लागू होत नाही, आणि माझा वरचा सगळा हिशेब कोसळतो. बाँड किती वर्षांचा, मधेच सोडलं तर किती भरायचे, सर्टिफिकेट हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचं आहे का, हेही लेखी घ्या. बारावीची मूळ मार्कशीट ठेवून घेतो म्हणाले तर देऊ नका, झेरॉक्स द्या. पत्र हातात आलं की फोटो काढून मला पाठवा, सही त्यानंतर.