कुठल्या इन्क्युबेटरमध्ये जाऊ? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात आलेल्या मेलपैकी निम्म्याहून जास्त इन्क्युबेटरबद्दल होते, म्हणजे नव्या धंद्यांना जागा, सल्ला आणि कधी पैसे देऊन उभं करणाऱ्या संस्थांबद्दल, त्यामुळे बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : ताई, आमचा वाशिम जिल्ह्यात महिलांचा बचतगट आहे, आम्ही हळद पावडर विकतो. दळण गावातल्या गिरणीत होतं, तिथे आधी कुणी मिरची दळली असेल तर आमच्या हळदीला वास लागतो आणि दुकानदार माल परत करतो. माझा पुतण्या म्हणतो इन्क्युबेटरमध्ये जा, स्टार्टअपला २५ लाख मिळतात. आमच्यासारख्या बायकांना घेतात का तिथे?

घेतात की! फक्त कुठल्या दारातून जायचं ते आधी बघा, कारण नाव एकच असलं तरी आत दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी चालतात. पुतण्या म्हणतोय ते २५ लाख म्हणजे बहुतेक केंद्राच्या शेतीतल्या स्टार्टअपसाठीच्या रफ्तार योजनेतले, तुमच्या जवळ अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात त्याचं इन्क्युबेटर आहे, तिथे नुसत्या कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाखांपर्यंत आणि पुढच्या टप्प्यावर २५ लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं. पण ते लोक विचारणार की यात नवीन काय, वेगळं तंत्र आहे का, उद्या दहा जिल्ह्यांत वाढेल का. चांगली हळद चांगली दळून विकणं हा चोख धंदा आहे, पण तेवढ्यावर तिथे निवड होणं अवघड जातं, आणि झाली नाही म्हणून धंदा कमी ठरत नाही हे आधीच सांगून ठेवते.

तुमची अडचण गिरणीची आहे ना, मग तुम्हाला हवं ते दुसरं, कॉमन इन्क्युबेशन सेंटर. पीएमएफएमई म्हणून सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना २०२० मध्ये आली, त्यात अशी केंद्रं धरलेली आहेत. तिथे यंत्रं लावलेली असतात, आपण आपला माल न्यायचा, भाडं भरायचं, दळून पॅक करून आणायचा. म्हणजे स्वतःची मशीन घ्यायच्या आधी बाजारात माल खपतो का ते कळतं. खपला आणि स्वतःचं युनिट टाकायचं ठरलं तर त्याच योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, असं बँक कर्जाशी जोडलेलं अनुदान धरलंय, आणि गटाला खेळत्या भांडवलासाठी सभासदामागे ४० हजारांपर्यंत बीज भांडवल. महाराष्ट्रात हे कृषी विभागाकडे आहे, तालुका कृषी कार्यालयात जाऊन जिल्हा संसाधन व्यक्ती, म्हणजे या योजनेच्या अर्जाला मदत करणारा माणूस, कोण ते विचारा, यंदा अर्ज घेतायत का तेही विचारा, आणि हळदीची लाइन असलेलं जवळचं केंद्र कुठलं हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

आणि संकोच तर अजिबात करू नका. जगातलं पहिलं इन्क्युबेटर म्हणून ज्याचं नाव घेतात ते अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हिया गावात १९५९ मध्ये सुरू झालं. शेतीची यंत्रं बनवणारा मोठा कारखाना बंद पडून लोक बेकार झाले होते, जोसेफ मॅन्कुसो यांच्या घरच्यांनी ती रिकामी इमारत घेतली, जोसेफ यांनी तिचे भाग करून छोट्या धंद्यांना भाड्याने दिले आणि जोडीला ऑफिसची सोय, सल्ला, कर्ज मिळवायला मदत. पहिल्या भाडेकरूंमध्ये एक कोंबड्यांचा धंदा होता. कॉम्प्युटरचा संबंधसुद्धा नव्हता.

प्रश्न : मॅम, आम्ही तिघं पुण्यात मेकॅनिकलच्या लास्ट इयरला आहोत. सलाईन संपत आलं की नर्सला अलार्म देणारं डिव्हाइस बनवलंय. आमच्या कॉलेजच्या इन्क्युबेटरने फुकट जागा देऊ केलीय, सर म्हणतात इथेच थांबा. थांबू का?

जागा घ्या, फुकटचं टेबल आणि वायफाय कशाला सोडायचं, पण तेवढ्यावर थांबू नका. तुमचं यंत्र पेशंटच्या हाताला लागलेल्या नळीशी जोडलेलं असणार, आणि १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आलीत, म्हणजे चाचण्या, कागदपत्रं, परवानगी हे सगळं करावंच लागणार आणि हे करून बसलेला माणूस साध्या कॉलेज इन्क्युबेटरमध्ये सहसा नसतो. तो पाषाणला आहे, एनसीएलच्या म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात, व्हेंचर सेंटरमध्ये. २००७ पासून चालू आहे, सायन्सवर आधारलेल्या कंपन्यांसाठीच आहे, लॅब आहेत, पेटंट आणि परवानग्यांचं कळणारी माणसं आहेत. दुसरं म्हणजे आयआयटी बॉम्बेचं बेटिक, २०१४ पासून तिथे डॉक्टर आणि इंजिनियर एकत्र बसून उपकरणं बनवतात.

पैशाचं म्हणाल तर प्रोटोटाइपसाठी, म्हणजे पहिला चालता नमुना बनवायला, केंद्राच्या प्रयास योजनेत १० लाखांपर्यंत मिळतात आणि कंपनी न काढताही अर्ज करता येतो. बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेची बिग ग्रँट ५० लाखांपर्यंत आहे, १८ महिन्यांसाठी, पण तिथे स्पर्धा खूप, म्हणून आधी प्रयास करा.

एक मात्र खूप कळकळीने सांगते, अर्ज भरायच्या आधी दोन-तीन हॉस्पिटलच्या रात्रपाळीच्या नर्सेसशी बोला. अलार्म ऐकू जातो का, आधीच किती यंत्रं वॉर्डात ओरडत असतात, यंत्र पुसायला सोपं आहे का. हे तुम्हाला कुठलाही मेंटॉर सांगणार नाही. आणि हार्डवेअरला वेळ लागतो हे घरी आत्ताच सांगून ठेवा, ड्रोनवाली आयडियाफोर्ज आयआयटी बॉम्बेच्या साइन इन्क्युबेटरमधून वाढली, कंपनी २००७ ची आणि शेअर बाजारात आली २०२३ मध्ये.

प्रश्न : नागपूरला माझी शाळांसाठीच्या सॉफ्टवेअरची कंपनी आहे, दीड वर्ष झालं. एक खाजगी इन्क्युबेटर ८ टक्के शेअर मागतंय, वर महिन्याचं भाडंही. बदल्यात बसायला जागा आणि मेंटॉरिंग. पैसे काही देत नाहीत. सही करू?

नका करू, निदान या अटींवर तरी नाही. तुलनेसाठी सांगते, अमेरिकेतलं वाय कॉम्बिनेटर, जे खरं तर ॲक्सिलरेटर आहे म्हणजे ठरावीक तीन महिने जोरात ढकलून मोकळं करणारं, ते ७ टक्के घेतं पण सव्वा लाख डॉलर देऊन, आणि वर पावणेचार लाख डॉलर पुढच्या फेरीत बाकीच्या गुंतवणूकदारांना मिळेल त्या भावाने गुंतवतं. तुमच्याकडे ८ टक्के मागणारे तुमच्याकडूनच भाडं घेणार! जागाच हवी असेल तर को-वर्किंगमध्ये, म्हणजे भाड्याच्या सामायिक ऑफिसात, खुर्ची घ्या, शेअर तुमच्याकडेच राहतील.

शेअर मागणं हे चूक नाही, चांगली सरकारी-शैक्षणिक इन्क्युबेटरंही थोडे टक्के घेतात, पण त्यांच्या लॅबची, नावाची, ओळखींची किंमत दिसते. यांना विचारा की शेअर पहिल्या दिवशी द्यायचे का टप्प्याटप्प्याने, मेंटॉर कोण आणि महिन्याला किती तास देणार, त्याने स्वतः शाळांना काही विकलंय का. आणि तिथून बाहेर पडलेल्या कंपन्यांना फोन करा, त्यातही बंद पडलेल्यांना आधी.

तुमची दीड वर्षाची कंपनी आहे म्हणजे हातात सहा महिने आहेत, कारण स्टार्टअप इंडिया सीड फंड या केंद्राच्या योजनेला अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग खात्याची, स्टार्टअप म्हणून मान्यता नसेल तर आधी ती काढा. यात प्रोटोटाइप, चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा तत्सम स्वरूपात मिळू शकतात, अर्जात पसंतीक्रमाने तीन इन्क्युबेटर निवडता येतात, तिथे जाऊन बसण्याची सक्ती नाही आणि निवडीसाठी वगैरे कसलीही फी घ्यायला इन्क्युबेटरला मनाई आहे. नवे अर्ज घेणं चालू आहे का ते पोर्टलवर आजच बघा.

प्रश्न : मी मडगावची, सुट्टीतल्या पर्यटकांसाठी ॲप करतेय. गोव्यात काही आहे का पुण्यालाच यावं लागेल?

तुमच्या अगदी दारात आहे, फातोर्ड्याला डॉन बॉस्को इंजिनियरिंग कॉलेजमध्ये फायर नावाचं इन्क्युबेटर, आणि साखळीला गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये अटल इन्क्युबेशन सेंटर. तुमचा गिऱ्हाईक गोव्यातच उतरतो, मग पुण्यात कशाला? दोन्हीकडे जा, आणि जाताना चार-पाच हॉटेलवाल्यांनी ॲप वापरून काय सांगितलं ते लिहून न्या, नुसतं प्रेझेंटेशन नको.