वडिलांना पॅरालिसिस, त्यातच आईचा हात मोडला. घर आणि मन कसं सावरायचं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: गावी वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणून महिना होत नाही तोच आई न्हाणीत घसरली आणि मनगट मोडलं. तुम्ही पुण्यात नोकरीला, भाऊ बेंगळुरूला, मुलगी दहावीला. आणि शेवटी विचारलंय, ‘आमच्याच घरामागे हे काय लागलंय?’

आधी त्याच वाक्याबद्दल बोलते. तुमच्या घरामागे काहीही लागलेलं नाही. आईला जागरण नडलंय. रात्री-अपरात्री वडिलांची चादर बदलायची, ओले कपडे घेऊन अर्धवट झोपेत न्हाणीत जायचं, तेही सत्तरीला टेकलेल्या बाईनं. पहिलं दुखणं घरात आलं की दुसऱ्याला वाट मिळते ती अशी. माझे सासरे, नाना, असेच अंथरुणाला खिळले तेव्हा आमच्याकडे पाठोपाठ सासूबाईंची शुगर बिघडली, कारण त्यांच्या गोळ्या देताना स्वतःच्या राहू लागल्या. मग यांची गाडी घसरली, रात्रभर जागून पहाटे कामावर निघाले होते. नातेवाईक म्हणाले त्र्यंबकेश्वरला जाऊन शांत करून या. तुमची श्रद्धा असेल तर जरूर जा, मनाला आधार मिळतो. पण त्याच्या आधी घरातली झोप वाटून घ्या.

हे मी अगदी औषधाइतकं महत्त्वाचं मानते. एकाच माणसानं दिवसही काढायचा आणि रात्रही, असं चालत नाही. आता आईचा हात प्लास्टरमध्ये आहे, त्यांनी वडिलांना उचलायचा प्रश्नच नाही. म्हणून पैसे कुठे घालायचे असतील तर पहिल्यांदा रात्रीच्या माणसात घाला. रुग्णसेवेला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोचा माणूस गावात मिळत नसेल तर तालुक्याच्या दवाखान्यात वॉर्डबॉय किंवा आयाचं काम करून निवृत्त झालेलं कोणी असतं, गावातल्या आशाताईंना विचारा, त्यांना घराघरातलं ठाऊक असतं. न्हाणीत पकडायला दांडा, पलंगापासून न्हाणीपर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा, वाटेतली सतरंजी आणि पायपुसणं उचलून टाकणं, ही कामं याच रविवारी करून घ्या.

आता भावाबद्दल. तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, ‘तो रोज फोन करून चौकशी करतो.’ त्या वाक्यातला कडवटपणा मला कळला. आजारपणात घराचे दोन भाग पडतात, करणारे आणि विचारणारे. विचारणाऱ्याचंही प्रेम खोटं नसतं, पण करणाऱ्याला ते टोचायला लागतं, आणि आजारानं मोडली नसती ती नाती या न बोललेल्या हिशेबानं मोडतात. आमच्याकडे नणंदेनं पुढाकार घेऊन सगळ्यांना एकत्र बसवलं. खर्च कोण किती देणार, महिन्यातले कोणते शनिवार-रविवार कोण येणार, डॉक्टरांशी बोलणार कोण एकटा, हे कागदावर लिहिलं. दीर येऊ शकत नव्हते, त्यांनी रात्रीच्या माणसाचा पूर्ण पगार आणि औषधं उचलली. त्या दिवसापासून त्यांचा फोन आला की कुणाच्या कपाळावर आठी उमटली नाही. तुमच्या भावालाही ‘तू काही करत नाहीस’ म्हणू नका, ‘हे काम तुझं’ असं नेमकं सांगा. ऑनलाइन औषधं मागवणं, विम्याचे कागद, फिजिओथेरपिस्टचे पैसे, हे बेंगळुरूहून नीट होतं.

एक वही करा. पलंगापाशीच दोरीनं बांधून ठेवा. सकाळचं बीपी, कोणती गोळी किती वाजता दिली, लघवी किती झाली, शौचाला झाली का, कुठल्या कुशीवर किती वाजता झोपवलं. माणसं बदलली तरी वही तिथेच राहते, आणि डॉक्टरांपुढे ‘तसे बरे आहेत’ यापेक्षा वहीचं पान ठेवलेलं कितीतरी उपयोगी पडतं.

कूस बदलणं दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. एअर बेड, म्हणजे हवा भरलेली गादी, घेतला तरी त्यातून सुटका नाही. आमच्याकडे नानांना पुसताना माकडहाडावर रुपयाएवढा लालसर डाग दिसला. बोटानं दाबला तरी पांढरा पडेना. घरी येणाऱ्या नर्सबाईंनी सांगितलं, ही जखमेची सुरुवात आहे, इथे चोळायचं नाही, तेल नाही, पावडर नाही, फक्त या जागेवरचा भार काढा. त्यांनी दोन्ही कुशी आलटून-पालटून ठेवायला लावल्या, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवल्या, आणि ओढून सरकवण्याऐवजी अंगाखाली दुमडलेली चादर घालून दोघांनी दोन बाजूंनी उचलायला शिकवलं. डाग हळूहळू विरला. तो रोज शोधावा लागतो, माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर, कानामागे. अंघोळ घालणाऱ्यालाच हे काम लावून द्या.

वडिलांना नाकातून नळी असेल तर भरवताना पाठ चांगली उंच करून बसवा आणि नंतरही अर्धा-पाऊण तास तसंच ठेवा, लगेच आडवं केलं तर अन्न उलटून श्वासनलिकेत जायची भीती असते. नळी काढली असेल तरी साधं पाणी पाजताना ठसका लागतोय का पाहा. लागत असेल तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा. गोळ्या कुटून देताना औषधवाल्याला विचारा, काही गोळ्या कुटायच्या नसतात. लुळ्या हाताला धरून कधीही उठवू नका, खांदा निखळतो आणि मग व्यायामच करू देत नाहीत. आणि व्यायाम आत्ता हवा, पुढच्या वर्षी नाही. पहिल्या काही महिन्यांत शरीर सगळ्यात जास्त भरून काढतं.

वाचेबद्दल मला थोडं जास्त सांगायचंय, कारण इथेच घरचे सगळ्यात जास्त खचतात. वाचा गेली म्हणजे समज गेली असं नाही. डाव्या मेंदूला मार बसला की अनेकदा माणसाला समोरच्याचं बरंच कळतं, पण स्वतःचा शब्द सापडत नाही. नाना प्राथमिक शाळेत मास्तर होते. पाणी हवंय हे त्यांना सांगता येत नव्हतं, रडवेले व्हायचे. एका संध्याकाळी माझा मुलगा पलंगाशेजारी बसून पाढे म्हणत होता, मधेच अडला, आणि पलंगावरून नानांनी पुढचा पाढा शेवटपर्यंत म्हटला. आम्ही सगळे हातातलं काम टाकून तिथे धावलो. मग कळलं की हे असं होतं. पाठ झालेलं, लहानपणापासून जिभेवर बसलेलं, पाढे, वार, आरती, यांची वाट मेंदूत थोडी निराळी असते, ती उरते. स्पीच थेरपिस्ट त्याच वाटेनं पुढे नेतात. तुमच्या मुलीला सांगा, रोज पंधरा मिनिटं आजोबांना फोनवर व्हिडिओ लावून वार-महिने म्हणायला लावायचे. दहावीचं वर्ष आहे म्हणून तिला सगळ्यापासून लांब ठेवू नका, तिलाही काहीतरी करायला मिळालं की तिची घालमेल कमी होईल. वडिलांशी बोलताना हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा, आणि त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल ‘यांना काही कळत नाही’ असं कुणालाही बोलू देऊ नका, अगदी भेटायला आलेल्या मोठ्या माणसालाही.

कागदांचं काम कंटाळवाणं आहे, पण लांबवू नका. वडिलांची पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. सही करता येत नसेल तर बँक अंगठा घेते, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस. सत्तरीपुढच्या आणि आजारी खातेदारांना घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे, तेव्हा ‘त्यांना घेऊन या’ म्हणाले तर शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या. वडील सत्तरीच्या पुढे असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा, त्याला उत्पन्नाची अट नाही आणि ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का तेही बघा. त्या योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणजे योजनेचं काम बघणारा माणूस बसलेला असतो, पुन्हा भरती करायची वेळ आली तर पैसे भरण्याआधी त्याला गाठा.

मनाचं विचारलंत. तुम्हाला ऑफिसच्या जिन्यात रडू येतं म्हणालात. येऊ द्या. मला सगळ्यात जास्त त्रास व्हायचा तो नानांना बघून नाही, तर ‘आपण दोन तास बाहेर गेलो, हसलो’ याच्या अपराधीपणाचा. तो हळूहळू गेला, आणि तो जावाच. ज्या शनिवारी गावी जाणार नाही असं ठरलंय, त्या शनिवारी खरंच जाऊ नका. झोप उडाली, जेवण तुटलं, काहीच नको वाटू लागलं तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हे फक्त तुमच्यासाठी नाही, आईसाठीही सांगतेय. त्या बोलणार नाहीत, त्यांना ‘कशी आहेस’ विचारलं तर ‘यांचं चाललंय तसंच’ असं वडिलांचंच सांगतील. त्यांच्यासाठी वेगळा फोन करा.

बीपीची आणि रक्त पातळ ठेवायची गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून कुणी परस्पर बंद करत नाही ना, हे वहीत बघत जा, झटका पुन्हा येऊ शकतो. तोंड वाकडं दिसलं, चांगला हातही पडला, बोलणं आणखी बिघडलं, तर गावातल्या दवाखान्यात थांबू नका. १०८ ला सांगा सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणीच न्या, आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ती वेळ सांगा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, त्यामुळे डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

आणि आईचं प्लास्टर निघालं की विषय संपला असं समजू नका. या वयात नुसतं घसरून मनगट मोडतं तेव्हा हाडं ठिसूळ झालेली असण्याची शक्यता बरीच असते. हाडांची घनता मोजायची तपासणी करायची का, हे त्या भेटीतच डॉक्टरांना विचारा.