चार वर्षांच्या मुलीसाठी ब्लेड नसलेलं क्रेयॉन शार्पनर बनवता येईल का?

हो, येईल. मुलगी पेन्सिलीच्या शार्पनरमध्ये मेणाचे खडू घालते आणि तुम्हाला ब्लेडची धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. धास्ती खरी आहे. मी जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकचे साचे बनवतो. माझी बहीण अमळनेर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे, तिच्याकडच्या पोरांसाठी मी हे करून पाहिलं.

आधी भोकाचा विचार करा. साधा खडू साधारण ८ मिलिमीटर जाड असतो, लहान पोराची करंगळीही जवळपास तेवढीच. जिथे खडू शिरतो तिथे बोट शिरणारच. भोक लहान करून भागत नाही, म्हणून आतली धारच बोटाला न कापणारी हवी. आणि मेणाला पोलादी पातं लागतच नाही. खडू नखानेसुद्धा खरवडला जातो. कडक प्लास्टिकची कड पुरते. ती कड आणि शार्पनरचं अंग एकाच साच्यातून, अखंड काढा. स्क्रू अजिबात नको. पोरं स्क्रू फिरवत बसतात, आणि सुटं झालेलं पातं भोकातल्या पात्यापेक्षा वाईट.

टोक पेन्सिलीसारखं लांब ठेवू नका, पहिल्याच रेघेला मोडतं. मी दुप्पट बोथट कोन धरला, शेंडा सपाट ठेवला. पहिल्या नमुन्यात हे चुकलं होतं, तेव्हा एक पोरगा रडत आला, "मना खडू तुटी गया!"

आकार मुठीएवढा करा. खेळण्यांच्या भारतीय मानकात (आयएस ९८७३) तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते असं धरतात. तुमची मुलगी चारची असली तरी धाकटं भावंड असेल तर शार्पनर या नळीत मावणार नाही असाच करा. झाकण केलंत तर तेही तसंच.

कीस पडायला बाजूची फट मोठी आणि उघडी ठेवा, म्हणजे अडकलेलं मेण काडीने काढता येतं. खडूवरचा कागद आधी सोला, प्लास्टिकची कड तो कापत नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं मात्र वेगळं आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांवर जातो, खडू मऊ पडतात आणि कीस न निघता नुसता लगदा होतो. तेव्हा खडू पाच-दहा मिनिटं माठावरच्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, मग टोक करा.